जमिनीतली लाट

दर सप्टेंबरात येतोस तू, सिक्स्टन,
पाठीवर बॅटरी, खिशात पाना,
आणि दार लोटायच्या आधी तेच विचारतोस:
काही जाणवलं का?
मी म्हणते, आधी कॉफी.

यंदा तुझी वायर लेमिंगांनी कुरतडली.
तीन आठवडे भुईने काय केलं
याची तुझ्याकडे नोंदच नाही.
तू कपाळाला हात लावलास
आणि मला हसू आवरेना.
तीन आठवडे तिच्यावर कुणाची नजर नव्हती,
बरं वाटलं असेल तिला.

मांडीवर नकाशा पसरून तू समजावतोस.
स्थिर, म्हणतोस. जुना, मुरलेला कातळ,
खंडाच्या कडा इथून कुठल्या कुठे,
इथे काही घडायला कारणच नाही.
आणि त्याच कातळात ही दीडशे किलोमीटरची चीर.
खालच्या अंगाला मी उभी राहते
तेव्हा वरचं अंग माझ्या डोक्यावर
तीन पुरुष उंच असतं.

माझ्या आजोबांना भ्रंश हा शब्द ठाऊक नव्हता.
ते म्हणायचे पार्वी, जमिनीतली लाट.
वारा सुटला की कळप तिच्या आडोशाला बसवायचे
आणि स्वतः पाइप पेटवायचे.
समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, म्हातारपणी,
म्हणाले, हं, ही लवकर मोडते.

तू सांगतोस,
तीन किलोमीटर बर्फ होता इथे.
हजारो वर्षं कातळ त्याखाली दबत गेला
आणि हूं की चूं केलं नाही त्याने.
फाटला तो नंतर,
ओझं उतरताना.
बहुधा एकाच दिवसात,
बहुधा कॉफी उकळायला लागतो तेवढ्या वेळात.
आणि अजून उठतोच आहे,
वर्षाला करंगळीच्या नखाएवढा.

मी कपात चीज घालते.
आई अकरा वर्षं अंथरुणावर होती, सिक्स्टन.
रात्री तीनला उठून मी तिची कूस बदलायची.
गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस रिस्तेन.
मीही म्हटलं, सुटले.
पहिला हिवाळा धडधाकट गेला.
वासरांच्या कानांवर खुणा केल्या, कुंपण दुरुस्त केलं,
स्कूटरचा पट्टा बदलला.
मग दुसऱ्या वर्षी किरुनाच्या दुकानात
लोकरी मोज्यांच्या ढिगापुढे
मटकन खाली बसले
आणि पोरगी दोन माणसं बोलावून आणेपर्यंत
उठताच येईना.

हे मी तुला बोलले नाही.
मी विचारलं, किती वर्षं चालणार हे उठणं?
तू बोटांवर काहीतरी मोजलंस,
म्हणालास, अजून काही हजार.
तुझ्या आवाजात दिलगिरी होती
जणू बसला उशीर होणार होता.
असू दे, म्हटलं मी. कुठे घाई आहे तिला.

तुझ्या त्या तीन आठवड्यांतली एक रात्र.
ऑगस्टातली, कडेने फिकट झालेली.
बशीतला चमचा किणकिणला.
आधी चमचा, मग खिडकीची काच,
मग खालून एक जड हुंकार,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
कुत्रा उठला. भुंकला नाही.
माझ्याकडे बघून पुन्हा अंगाचं वेटोळं करून झोपला.
मी जागीच होते,
तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

कॅलेंडरवर पेन्सिलीने मांडून ठेवलंय,
वासरांच्या मोजणीखाली,
डिझेलच्या हिशेबाशेजारी.
तुझ्या पाठीमागेच टांगलंय ते.
तू कप दोन्ही हातांत धरून
तळाशी उरलेलं चीज चमच्याने काढतोयस.
मान वळवलीस तर दिसेल.